पथ्याबाहेरचा भात

सॉसेजची शेवटची चकती पातेल्यात पडली, तेल तडतडून तिच्या मनगटावर उडालं, आणि दारातल्या खुर्चीवरून तो म्हणाला, "हलवू नकोस. एका बाजूने लाल होऊ दे."

"हात भाजला माझा."

"हात नळाखाली धर. पण उलथन्याला हात लावू नकोस."

तिने मनगट नळाखाली धरलं आणि तिला हसू आलं. कित्येक महिन्यांत त्याने कुणाला असं दटावलं नव्हतं.

खुर्ची त्याने बरोबर उंबऱ्यात ओढून घेतली होती. सुजलेल्या पावलांत चप्पल मावत नसे म्हणून तिने त्याच्या जुन्या सपाता पुढून कापून दिल्या होत्या. एकतीस वर्षं त्याने लिफ्ट बसवल्या आणि दुरुस्त केल्या. इमारतीत सगळे त्याला मिस्त्री म्हणत. चार माणसांत ती पण "आमचे मिस्त्री" असंच म्हणे, आणि घरात अहो.

हा भात त्याचा होता. लग्नाच्या आधी एका तेरा मजली इमारतीचं काम चालू असताना सहा जण तळमजल्यावरच्या एका खोलीत राहत. एक स्टोव्ह, एक पातेलं. त्यात सॉसेज, राजमा, कांदा, टोमॅटो आणि तांदूळ, जे असेल ते एकदमच शिजायचं. लग्नानंतर महिन्याभरात ती तापाने पडली तेव्हा त्याने तो पहिल्यांदा तिला करून घातला आणि तिथून पुढे दर रविवारी स्वयंपाकघर त्याचं असे. तिने कांदा चिरून द्यायचा आणि बाहेर जायचं. लेक म्हणायची, बाबा पातेल्याचा नटबोल्ट आवळताहेत, जाऊ नका कुणी.

मग त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास डायलिसिसचं मशीन. पातेलं माळ्यावर गेलं. राजमा बंद, सॉसेज बंद, टोमॅटो बंद, बटाटा दोनदा उकळून पाणी फेकलेला. ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. शाळेने मोडीत काढलेला छोटा तराजू तिने घरी आणला आणि चार वर्षं त्याचं मीठ त्यावर तोललं. तो म्हणायचा, सोनाराच्या घरात पडलो असतो तर बरं झालं असतं, निदान सोनं तरी तोललं असतं.

आणि काल त्याने बातमी आणली. काल त्याची महिन्याची तपासणी होती. एरवी ती बरोबर जाई, पण शाळेत प्रात्यक्षिकाची परीक्षा होती, रजा मिळाली ती आजचीच. तो एकटाच जाऊन आला. संध्याकाळी ती दार उघडून आत येते न येते तोच तो म्हणाला, "उद्या तो भात कर. डॉक्टरांनी सांगितलंय, हवं ते खा."

"हवं ते म्हणजे? किती?"

"पोटभर."

"रिपोर्ट चांगला आला?"

"मग काय उगाच सोडतील पथ्य?" तो म्हणाला. "मशीनवर जायच्या आधी खायचं. जास्तीचं काय असेल ते मशीन काढून टाकतं."

हे तिने हॉस्पिटलातल्या बाकावर बसणाऱ्या बायकांकडूनही ऐकलं होतं. कुणी केळं आणायचं, कुणी चॉकलेट, आणि मशीन सुरू झालं की पहिल्या तासात भरवून टाकायचं. तिने खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. तशीच दुकानात गेली. सॉसेज बांधून देणाऱ्या बाईने काहीही विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली, "पथ्य सुटलं हो आमच्या मिस्त्रींचं." बाईने एक सॉसेज जास्त घातलं.

"आता उलट," तो म्हणाला.

चकत्या खालून तांबूस झाल्या होत्या, कडेला करपट. तिने त्या ताटलीत काढल्या. त्याच तेलात कांदा पडला, लसूण पडला, घरभर वास सुटला. समोरच्या दारातली शेजारीण डोकावून म्हणाली, "काय बेत आहे मिस्त्री आज?"

"बायकोची परीक्षा घेतोय," तो म्हणाला. "प्रात्यक्षिक."

"पास करा बरं का."

"बघू. आयुष्यभर लोकांना वर पाठवलं मी, पण कधी कुणाची तक्रार आली नाही. हिची मात्र रोज असते."

शेजारीण हसत गेली. ती मात्र गॅसपासून वळली. "जिभेला काही हाड? चांगल्या दिवशी काय ते अभद्र बोलायचं!"

"बरं, राहिलं."

टोमॅटो मऊ झाले. तिने शिजवलेल्या राजम्याचं झाकण काढलं. रात्री भिजवताना सवयीने तीनदा पाणी बदललं होतं, आताही हात आपोआप चाळणीकडे गेला.

"ते पाणी फेकू नकोस," तो म्हणाला. "त्यातच सगळी चव आहे."

तिने एक दाणा बोटांनी दाबून पाहिला. "बघा, किडनीसारखाच दिसतो."

"माझ्यापेक्षा तो बरा. निदान पाण्यात फुगून मऊ तरी होतो."

मीठ घालायची वेळ आली तेव्हा तिने तराजू पुढे ओढला. त्याने नुसती मान हलवली. तिने तराजू मागे सारला, डब्यात हात घातला, चिमूट उचलली आणि तिला कळेना, केवढी. एके काळी हा हात वरण-भाजीत न बघता मीठ टाकत होता. तिने चिमूट टाकली, थांबली, अजून अर्धी टाकली. मग धुतलेले तांदूळ, राजम्याचं पाणी, वरून सॉसेजच्या चकत्या. उकळी फुटली तशी तिने गॅस बारीक करून झाकण ठेवलं.

"आता अठरा मिनिटं झाकण काढायचं नाही," तो म्हणाला. "आग लागली तरी."

साडेबारा झाले होते. दोनला मशीन, सव्वाला निघायला हवं. तेवढ्यात त्याची पिशवी भरून घ्यावी म्हणून ती आतल्या खोलीत गेली. पिशवी खुंटीला होती, पण हलकी लागली. आत फाइल नव्हती, लोकरी मोजे नव्हते, आणि तपकिरी पांघरूण नव्हतं. मशीनवर त्याला फार थंडी वाजे. रक्त बाहेर फिरून गार होऊन परत येतं, तो म्हणायचा, हाडांत फ्रिज लावल्यासारखं वाटतं. पांघरुणाशिवाय तो तिथे एक तास काढू शकला नसता.

"अहो, पांघरूण कुठे ठेवलंत?"

 तिने कपाट बघितलं, पलंगाखाली बघितलं. मग मागच्या गॅलरीचं दार उघडलं.

पांघरूण दोरीवर होतं. धुतलेलं. त्याच्या हातांत पिळायची ताकद नव्हती, त्यामुळे ते पाण्याने जड होऊन दोरी वाकवत होतं आणि खाली फरशीवर थारोळं साचलं होतं. शेजारी चिमट्याने लावलेले मोजे. सकाळी ती वाण्याकडे गेली होती तेवढ्या अर्ध्या तासात त्याने हे केलं असणार. भरलेली बादली त्याला आताशा उचलत नसे. बादलीचं त्याने काय केलं असेल, तांब्या-तांब्याने पाणी आणलं असेल का, याचा विचार करत ती उभी राहिली.

ती परत आली तेव्हा तो पातेल्याकडे बघत होता.

"पांघरूण ओलं आहे," ती म्हणाली.

"हो."

"आज मंगळवार आहे."

"माहीत आहे मला."

"मग तिथे पांघरणार काय?"

त्याने सपातेतलं पाऊल जरा सरकवलं. "धुऊन ठेवलं. चांगलं आहे अजून. तिथे कुणाला तरी लागेल."

पातेल्यातून बारीक रटरट ऐकू येत होती. तिने ओट्याला हात लावला.

"डॉक्टर काय म्हणाल्या काल?"

"हवं ते खा म्हणाल्या."

"त्याच्या आधी काय म्हणाल्या?"

"त्याच्या आधी मी म्हणालो," तो म्हणाला. "मी म्हटलं, पुरे आता."

 तो सांगत गेला, सावकाश, एखाद्या गिऱ्हाईकाला यंत्रातला बिघाड समजावून सांगावा तसा. हृदयाचं काम वीस टक्क्यांवर आलंय. गेल्या महिन्यात तीनदा मशीन मध्येच थांबवावं लागलं, हे तिला माहीत होतं. पुढच्या महिन्यात सहादा थांबेल, हे माहीत नव्हतं. डॉक्टर तासभर बसल्या होत्या त्याच्याशी. मशीन बंद केल्यावर आठ दिवस, फार तर बारा. झोप वाढत जाते. धाप लागली तर औषध आहे, नर्स घरी येऊन देईल. कागदावर सही झाली आहे.

"बायकोला घेऊन या, म्हणत होत्या. मी म्हटलं, तिची परीक्षा आहे."

"आणि मला विचारायचं नाही?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आणि मी ऐकलं असतं. चार वर्षं तुझंच ऐकतोय."

"मी दुकानात सांगून आले," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "त्या बाईला सांगून आले मी, पथ्य सुटलं म्हणून! काल रात्री मी... मी उठून राजम्याचं पाणी बदललं. तुला बरं वाटतंय म्हणून. खोटारडा आहेस तू."

तू. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"खोटारडा," ती पुन्हा म्हणाली. "जेवल्यावर सांगणार होतास, होय ना? का तेही नाही?"

"जेवल्यावर."

"का?"

"भात खुशीत करावा लागतो," तो म्हणाला. "रडत केलेला मला नको होता."

तिने खांद्यावरचं फडकं ओढलं, पातेल्याच्या दोन्ही कडा पकडल्या आणि ते गॅसवरून उचलून थेट मोरीशी नेलं. वाफ तिच्या तोंडावर आली. झाकण सरकलं. तांदूळ वर फुगून आले होते, मधूनमधून तांबडा राजमा, चकत्यांच्या कडा वळलेल्या. पातेलं जड होतं.

"टाक हवं तर," तो खुर्चीवरून म्हणाला. "मी काही बोलणार नाही. पण दोन वाजता मी कुठे जाणार नाही."

ती तशीच उभी राहिली. फडक्यातून चटका हाताला लागायला लागला. माझी किडनी द्या, असं तिनेच म्हटलं होतं पहिल्या वर्षी. सगळ्या तपासण्या झाल्या. तिची किडनी उत्तम निघाली आणि त्याचं हृदय ऑपरेशन सोसणार नाही असं ठरलं. घरी येताना तो म्हणाला होता, माल चांगला होता, पण लिफ्टचा गाळाच नीट नाही, बसवणार कुठे?

भात अर्धकच्चा होता. तिने एक शीत उचलून दाताखाली धरलं, मधे कणी लागली. ती वळली, पातेलं परत गॅसवर ठेवलं आणि झाकण नीट बसवलं.

"झाकण काढलंस मधेच," तो म्हणाला. "आता पाच मिनिटं जास्त."

ती खाली बसली, ओट्याला टेकून, फरशीवर. त्याची पावलं तिच्या समोर आली. नडगीवर मोज्याच्या काठाचा खोल वळ उमटलेला होता. तिने अंगठ्याने तो वळ दाबला; खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"दुखतं?"

"तिथे नाही."

"तिथे नाही म्हणजे कुठे?"

 "तिसऱ्यांदा मशीन थांबवलं ना, त्या दिवशी मी गेलोच होतो बहुतेक. कसलाच आवाज नव्हता. मग त्यांनी काहीतरी टोचलं आणि डोळे उघडले. वर तीच ट्यूबलाइट. एका टोकाला काळी पडलेली. लोकांना वाटतं, माणूस शुद्धीवर आला की त्याला आनंद होतो." त्याने मान हलवली. "मला वाटलं, अरेरे, परत हीच."

तिने त्याच्या पायावरचा हात काढला नाही.

"मी बाहेर बाकावर होते तेव्हा," ती म्हणाली. "त्यांनी येऊन सांगितलं, ठीक आहेत आता. मी पेढे वाटायच्या बेतात होते."

"म्हणून तर नाही सांगितलं तुला."

"लेकीला माहीत आहे?"

"नाही. आधी तू."

"आधी मी कसली! आधी डॉक्टर, मग भात, मग मी."

तो हसला, आणि हसता हसता धाप लागून त्याला थांबावं लागलं. त्याचा श्वास खाली बसेपर्यंत ती त्याच्या गुडघ्याला धरून बसली. बाहेर कुणीतरी जिन्यातून जड काहीतरी ओढत नेत होतं. लिफ्ट बंद असावी. एरवी तो लगेच कान टवकारत असे. आज त्याने तिकडे लक्षही दिलं नाही.

"रात्री शेजारी झोपताना मला सांगता आलं नाही तुला?" ती हळू म्हणाली.

"दोनदा तोंड उघडलं. तू दोन्ही वेळा उठून राजमा बघायला गेलीस."

तिने पदर तोंडाला लावला. बराच वेळ स्वयंपाकघरात फक्त पातेल्याचा आवाज होता, आणि तोही हळूहळू कमी होत गेला. पाणी आटलं की रटरट थांबते आणि बारीक चुरचुर सुरू होते. त्याने मान कलती करून ऐकलं.

"झाला," तो म्हणाला. "बंद कर."

तिने तोंड धुतलं. ताटं घेतली. टेबलापर्यंत यायला त्याला तिच्या खांद्याचा आधार लागला. मधे एकदा थांबून दोघांनी श्वास घेतला. तिने वाढलं. त्याने पहिला घास घेतला, डोळे मिटले नाहीत, वाहवा म्हटलं नाही, नीट चावून खाल्ला. एकेक राजमा ओळखीचा असल्यासारखा.

"कसा झालाय?"

"मीठ कमी आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली, ओट्यावरून मिठाचा डबा आणला, झाकण काढलं आणि तो त्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्याने चिमूटभर मीठ घेतलं, भातावर भुरभुरलं, कालवलं.

"तू बस ना."

"मला नाही जात."

"बस. चार वर्षं तू पण खाल्ला नाहीस. घरात मी एकटा नव्हतो पथ्यावर."

ती बसली. पहिला घास तिने त्याच्यासाठी घेतला. दुसऱ्या घासाला तिच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागली आहे, सकाळपासून चहाखेरीज पोटात काही नाही, आणि भात चांगला झाला आहे. तिला स्वतःची लाज वाटली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती जेवत होती; दोन्ही थांबत नव्हतं. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याने आपल्या ताटातली एक लाल चकती बोटाने तिच्या ताटात सरकवली.

फोन वाजला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. फोन तिच्या हाताशी होता. उजवा हात खरकटा म्हणून तिने डाव्या हाताने उचलला. पलीकडे डायलिसिसच्या विभागातला माणूस होता, मशीन लावणारा. आवाज दमलेला, मागे दोन-तीन मशीनची पिकपिक.

"काकू, काका निघाले का? मशीन तयार ठेवलंय मी."

तिने समोर पाहिलं. त्याचा हात ताटावर अर्ध्यात थांबला होता. घास बोटांत होता. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली. एक शब्द तिने बोलायचा होता, येतो आम्ही, टॅक्सीने पंधरा मिनिटांत येतो. ती म्हणाली असती तर तो उठला असता. ते तिला त्याच्या थांबलेल्या हाताकडे बघून कळलं.

"नाही," ती म्हणाली. "आज यायचे नाहीत ते."

"बरं वाटत नाही का? मग उद्या सकाळची वेळ देऊ? उद्या आठला एक जागा आहे."

"नको. उद्याही नको."

पलीकडे पिकपिक चालू राहिली.

"तिथे बरीच माणसं थांबलेली असतात ना," ती म्हणाली. "यांची जागा दुसऱ्या कुणाला द्या."

 मग तो माणूस अगदी वेगळ्या, घरातल्या आवाजात म्हणाला, "काका काय करताहेत, काकू?"

"जेवताहेत."

तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. त्याने थांबलेला घास तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिला. मग ताट दोन बोटांनी तिच्याकडे सरकवलं.

"अजून वाढू?"

"थोडा. खालचा दे, लागलेला."

ती पातेलं टेबलावर घेऊन आली आणि बूड खरवडायला लागली.